पट्टीवरच्या रेघा

प्रिंटरचं शाई सोडणारं हेड उजव्या कोपऱ्यातून सुटलं ते थेट डाव्या भिंतीवर जाऊन आदळलं. खाड्‌कन आवाज झाला, तशी तिने बटण शोधत न बसता प्लगच उपटला. प्रिंटरच्या तोंडावरचा लाल दिवा क्षणभर रेंगाळला आणि विझला.

“मागच्या वेळी हाच आवाज होता,” पाठीमागून काका म्हणाले. प्रिंटर त्यांचाच होता.

“हो.”

“मग बिघाडही तोच असणार. मागे केलंत तेच करा की.”

तिने मान हलवली. पण मागे आपण नेमकं काय केलं होतं, हेच तिला ठाऊक नव्हतं. वरचं आवरण काढलं होतं, केबली उपसून परत बसवल्या होत्या, फडक्याने आतली धूळ पुसली होती, हेडच्या दांड्याला तेलाचा थेंब दिला होता, आणि शेवटी श्वास रोखून बटण दाबलं होतं. प्रिंटर सुरू झाला होता. काकांनी आनंदाने तिचे दोन्ही हात धरले होते, आणि तिला काही बोलायचा धीर झाला नव्हता.

घरी गेल्यावर आप्पांना मात्र तिने सांगितलं. आप्पा म्हणजे तिचे वडील. रेडिओपासून टीव्हीपर्यंत सगळ्यांची पोटं उघडून बसलेला माणूस. त्यांची दृष्टी गेली, त्याच सुमारास तिची कुरियरच्या ऑफिसातली नोकरी गेली, आणि दुरुस्तीचं दुकान तिच्याकडे आलं. आप्पा तेव्हा एवढंच म्हणाले होते, “न कळता चालू झालेलं न कळताच बंद पडतं. वाट बघ.”

फार वाट बघावी लागली नव्हती.

प्रिंटर मोठा होता, चित्रकाराच्या कागदाएवढा कागद घेणारा. दुकानात न्यायचा तर दोन माणसं आणि गाडी हवी, म्हणून ती स्वतःच अवजारांची पिशवी घेऊन काकांच्या घरी आली होती. खिडकीशी टेबल, टेबलावर प्रिंटर, आणि समोरच्या भिंतीवर अख्ख्या शहराचा नकाशा. काका सर्व्हे खात्यात नकाशे काढायचे. निवृत्त झाले तरी हात तसाच होता. नकाशावर पेन्सिलीने आखलेले सारखे चौकोन, आणि त्यांतले कितीतरी बारीक तिरप्या रेघांनी भरलेले. भरलेला चौकोन म्हणजे त्या भागात पत्रकं लावून झाली.

पत्रकाची एक प्रत टेबलाच्या कडेला होती. वर मोठ्या अक्षरांत ‘हरवले आहेत’, खाली काकांच्या धाकट्या भावाचा हसरा फोटो. केस मानेवर आलेले. केस कापायलाच घरातून निघाले होते ते. न्हावी म्हणाला, माझ्याकडे कोणी आलंच नाही. त्याआधी वर्षभर विसरायला लागले होते. चष्मा, पत्ता, कधीकधी स्वतःचं वय. घरात सगळे त्यांना भाऊ म्हणत.

“काल फोन आला होता,” काका म्हणाले. “डेपोच्या मागे एक माणूस रोज सकाळी नळावर तोंड धुतो म्हणे. उंची जुळते. तो चौकोन माझा राहिलाय. आज पत्रकं निघाली तर उद्या पहाटेच जाता येईल.”

“बाहेरून छापून आणली तर?”

“कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला छापायचा. नंतर नंतर पैसे घेईना झाला.” काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “माझ्याकडे असा बघायचा, की मीच हरवलोय. मग हे मशीन आणलं.”

ती आवरणाचे स्क्रू काढायला लागली. काका हलले नाहीत. कोणी पाठीशी उभं राहिलं की तिच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर हमखास घसरतो, आणि आज तर मानेवर त्यांचा श्वास जाणवत होता. एक स्क्रू टेबलाखाली घरंगळला. काका वाकायला लागले, त्यांचा गुडघा कटकन वाजला.

“राहू द्या काका, मी घेते.”

“काय हो हे तुमचं चाललंय!” स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. “डॉक्टर पोट उघडतात तेव्हा नातेवाईक असे डोकावतात का? बसा बाहेर.”

काका बाहेर गेले नाहीत, पण दारातल्या खुर्चीवर बसले. तेही काही कमी नव्हतं.

आवरण निघालं. आतलं सगळं उघडं पडलं. हे दृश्य तिला नेहमी धडकी भरवायचं. ओळखीच्या माणसाचा एक्स-रे बघावा तसं. मागच्या बाजूला वीजपुरवठ्याची पेटी. तिथून मेन बोर्डाकडे जाणारी तारांची वेणी. बोर्डावर काळ्या चिपा, तांदळाएवढे फ्यूज. बोर्डातून निघून हेडपर्यंत गेलेली पांढरी, रिबिनीसारखी चपटी केबल. हेड ज्यात बसतं तो डबा, त्याला ओढणारा पट्टा, आणि पट्ट्याच्या टोकाला मोटर. नावं सगळी पाठ होती. पण नावं पाठ असणं म्हणजे ओळख असणं नव्हे, हे तिला गेल्या काही महिन्यांत पुरतं कळून चुकलं होतं.

तिला खरी भीती बोर्डाची होती. मोटर चालवणारी चिप गेली असेल तर बोर्डच बदलायचा. आणि बोर्डातून हेडला विजेचा भलताच दाब गेला, तर हेडही जळतं. जळलेलं हेड नव्या बोर्डालाही घेऊन जातं. एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन भाऊबंदच. आणि या जुन्या मशीनला दोन्ही मिळणं कठीण होतं. एक चुकीचा हात, की काकांचे राहिलेले चौकोन तसेच राहणार.

तिने मीटर काढला. प्लग लावून वीजपुरवठा मोजला. आकडा हवा तिथे येऊन स्थिर राहिला. प्लग काढला, थोडं थांबली, मग फ्यूज तपासला. मीटर पीं करून ओरडला, म्हणजे फ्यूज शाबूत. बोर्डावर कुठे जळल्याचा डाग नाही, वास नाही. सगळं ठीक होतं, आणि हीच पंचाईत होती. काहीतरी जळालेलं सापडलं असतं तर किती बरं झालं असतं.

“काय म्हणतंय?” काकांनी विचारलं.

“बघतेय.”

“आज होईल ना?”

फोन घेऊन ती गॅलरीत गेली आणि आप्पांना लावला.

“मोटर फिरते का?” आप्पांनी विचारलं.

“फिरते. नको तेवढी फिरते. डबा भिंतीवर आपटतोय.”

“बोर्ड मेलाय असं तुला कोणी सांगितलं?”

“मलाच वाटलं.”

“मेलेला माणूस भिंतीवर डोकं आपटतो का गं?”

खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं.

“तू आंधळी असतीस,” आप्पा म्हणाले, “म्हणजे माझ्यासारखी, तर घरातल्या घरात कशी चालली असतीस?”

“पावलं मोजत.”

“आणि मोजताना मध्येच चुकलीस तर?”

तिने फोन कानापासून दूर केला. एकदम डोक्यात काहीतरी जागेवर बसलं. आप्पा पलीकडून हॅलो हॅलो करत राहिले.

हेडच्या डब्यामागून एक पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली असते. दोन बोटांच्या चिमटीत मावेल इतकी अरुंद. तिच्यावर उभ्या रेघा असतात, इतक्या बारीक की डोळ्यांना ती नुसती धुरकट दिसते. डब्याच्या पाठीला एक इवलासा सेन्सर असतो. एका अंगाला दिवा, दुसऱ्या अंगाला डोळा, आणि मधून ही पट्टी. डबा सरकतो तसतशा डोळा रेघा मोजतो आणि बोर्डाला सांगत राहतो, आता इथे आहे, आता इथे. तेवढ्या भरवशावर बोर्ड मोटरीला हाकतो. रेघा दिसेनाशा झाल्या की बोर्डाला वाटतं डबा हललाच नाही. मग तो आणखी जोर लावतो.

हे सगळं तिने वाचलेलं होतं. समजलं मात्र आत्ता, या गॅलरीत.

“आप्पा, पट्टी,” ती म्हणाली.

“मग मला काय विचारतेस? आणि हे बघ, स्पिरिट लावू नकोस. रेघाच पुसल्या गेल्या तर संपलं. साबणाचं पाणी, मऊ फडकं. दाबायचं नाही.”

ती आत आली, तेव्हा काका चपला घालत होते. पत्रकं चिकटवायची खळ संपली होती, ती आणायला ते निघाले होते. “तोवर होईलच,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. जिन्यावरून त्यांची पावलं एकेक करून उतरत गेली.

तिने वाटीत साबणाचं पाणी करून ठेवलं, डबा हाताने हळूच बाजूला सारला आणि टॉर्चचा झोत पट्टीवर तिरका धरला. मधोमध एक डाग होता. धुळीचा नव्हे, शाईचाही नव्हे. चिकट, चकचकीत, लांबट. डागाच्या एका टोकाला अंगठ्याच्या रेषा स्पष्ट उमटलेल्या होत्या. तिने वाकून पाहिलं आणि वाकल्याबरोबर नाकात झिणझिण्या आल्या. बाम. डोकं दुखलं, गुडघे दुखले की लावतात तो.

ती सरळ झाली. दारात काकू उभ्या होत्या. हातात पाण्याचा पेला होता, आणि त्यांच्या अंगाला तोच वास येत होता.

“सापडलं वाटतं,” काकू म्हणाल्या.

तिने फडकं वाटीत बुडवलं.

काकूंनी पेला टेबलावर ठेवला. भाऊंच्या फोटोची प्रत ओली होईल म्हणून ती अलगद बाजूला केली. “पहिल्या वेळी चुकून झालं गं. शपथेवर सांगते. मी वरचं झाकण उघडून धूळ पुसत होते, हाताला बाम तसाच होता. मशीन आपटायला लागलं तेव्हा मीच घाबरले. यांना सांगणार होते. पण त्या दिवशी हे घरी राहिले. दुसऱ्या दिवशीही राहिले. दुपारी जेवून झोपले. इतक्या महिन्यांत मी यांना घोरताना ऐकलं नव्हतं.”

“आणि या वेळी?”

“या वेळी नाही चुकून.”

खालून गाड्यांचा आवाज येत होता. काकू खुर्चीवर बसल्या, अगदी टोकाला.

“तुला वाटेल, हिला दिराचं काही नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत जायचा. त्याचा डबा मी भरून द्यायचे. वहिनी, वहिनी करत पाठीमागे असायचा. मला तो परका आहे का?” त्यांनी पदराने ओठ टिपले. “मागच्या महिन्यात यांनी बाजारात एका माणसाचा दंड धरला. चल घरी, म्हणाले. तो म्हणतोय सोडा, हे सोडेनात. लोक जमले. हात उचलणार होते यांच्यावर. त्याआधी उन्हात चक्कर येऊन पडले, कोणीतरी रिक्षात घालून आणून सोडलं. मला सांगितलं नाही. मी शर्टाचं कोपर बघितलं तेव्हा कळलं. एक गेला, त्याची वाट बघतेय. रोज सकाळी दुसराही दाराबाहेर पडतो, त्याचीही वाट बघते. मी किती जणांची वाट बघू?”

तिच्या हातात साबणाच्या पाण्यात बुडवलेलं फडकं होतं. त्यातून एक थेंब जमिनीवर पडला.

“पार्ट मिळत नाही म्हणून सांग,” काकू म्हणाल्या. “तुमच्या धंद्यात सर्रास सांगतात की.”

“काकू, डेपोमागचा तो माणूस भाऊच असले तर?”

हे आपण का बोललो, असं तिला बोलताक्षणी झालं. काकूंचा चेहरा पडला नाही, रागावलाही नाही. त्या फक्त नकाशाकडे बघत राहिल्या, जणू हा प्रश्न त्यांनी स्वतःला इतक्या वेळा विचारला होता की दुसऱ्याच्या तोंडून आल्याने त्यात काही फरक पडत नव्हता.

जिन्यात पावलं वाजली. काकू उठल्या आणि आत गेल्या.

तिने फडकं पट्टीवर टेकवलं. विचार करून नव्हे. हात आधी गेला, आणि मग थांबवता आला नाही. एका दिशेने, न दाबता. अंगठ्याच्या रेषा आधी फिकट झाल्या, मग पसरल्या, मग नाहीशा झाल्या. दुसऱ्या कोरड्या फडक्याने तिने पट्टी टिपली. टॉर्चच्या उजेडात ती पुन्हा सारखी धुरकट दिसली. रेघा शाबूत होत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एखाद्या यंत्राच्या आत काय झालं होतं ते तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत कळलं होतं, आणि त्याचा जो आनंद व्हायला हवा होता तो झाला नाही.

काका दारात आले. त्यांच्या कपाळावर घाम होता. खळीची पिशवी त्यांनी खाली ठेवली.

“झालं?”

पार्ट मिळत नाही. तीन शब्द. तिने तोंड उघडलं.

“बघूया लावून,” ती म्हणाली.

प्लग लावला, बटण दाबलं. डबा उजव्या कोपऱ्यात थरथरला, डावीकडे निघाला, भिंतीशी अलगद थांबला आणि मुकाट परत आला. हिरवा दिवा लागला. काकांनी शेजारच्या कॉम्प्युटरवर एक कळ दाबली. कागद आत ओढला गेला आणि बाहेर यायला लागला. आधी ती मोठी अक्षरं, मग केस, कपाळ, मग हसणारे डोळे. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

काकांनी कागद उजेडात धरला. तिला वाटलं, आता हे हात धरतील. पण ते फोटोकडे बघत नुसते उभे राहिले. मग हळूच खुर्चीवर बसले. खांदे पडलेले होते.

“रंग चांगला आलाय,” ते म्हणाले.

तिने आवरण लावलं, स्क्रू पिळले, अवजारं पिशवीत भरली. काकू बाहेर आल्या नाहीत. काकांनी तिची पिशवी स्वतः उचलली, नको नको म्हणत असताना, आणि ते तिच्यासोबत खालपर्यंत आले. फाटकाशी आल्यावरही पिशवी त्यांनी सोडली नाही.

“तिने काही सांगितलं तुम्हाला?”

“नाही,” ती म्हणाली.

“मी पण नाक असलेला माणूस आहे हो.” काका रस्त्याकडे बघत होते. “झाकण उघडलं की वास यायचा. नकाशावरचे डाग काढण्यात जन्म गेला माझा, ती पट्टी पुसणं मला काय अवघड होतं? नाही पुसली. तुम्हाला बोलावलं. म्हटलं, मुलगी नवीन आहे. वेळ लावेल.”

तिने पिशवीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

“मी होऊन थांबू शकत नाही,” काका म्हणाले. “थांबलो तर त्याचा अर्थ काय होतो, ते मला माहीत आहे. पण मशीनच बंद असलं, तर माणूस काय करणार? त्या दिवसांत झोपलो मी. लाज वाटावी इतका झोपलो.” त्यांनी पिशवी तिच्या हातात दिली. “तुम्ही फार लवकर शिकलात.”

समोरून एक बाई भाजीची पिशवी घेऊन गेली. काकांनी सवयीने तिच्यामागून येणाऱ्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग नजर खाली घेतली.

“काका,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. “मशीन चालू झालंय. पण हेड जुनं आहे. तापतं. रोज रोज छापलं तर जळेल, आणि मग काहीच निघणार नाही. आठवड्यातून एक दिवस, थोडी पत्रकं. त्याहून जास्त नको.”

काकांनी तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

“हे असं असतं?”

“या जुन्या मशीनचं असतं.”

“डेपोमागचा भाग उद्या करायचाय.”

“उद्याचा करा. त्यासाठी लागतील तेवढी आज काढा. मग पुढच्या आठवड्यात.”

काकांनी मान डोलावली. हात फाटकाच्या कडीवर होता, तो त्यांनी काढला नाही.

“जरा परत वर याल का?” ते म्हणाले. “हे तिच्यासमोर सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल, मीच काहीतरी काढलंय.”

ती दोघं पुन्हा जिना चढायला लागली. काका पुढे, ती मागे. पहिल्या मजल्यावर ते कठड्याला धरून थांबले, दम घेतला, आणि डॉक्टरने दिलेलं पथ्य माणूस पुन्हा एकदा विचारून घेतो तसं त्यांनी विचारलं,

“आठवड्यातून किती म्हणालात?”

“एकदा.”

“आणि उन्हाळ्यात?”

“उन्हाळ्यात तर दुपारी मशीनला हातसुद्धा लावायचा नाही,” ती म्हणाली.

“बरं,” काका म्हणाले, आणि पुढची पायरी चढले.